पोरीच्या जहाजाचं नाव

माझी पोरगी आखातात अडकली, त्या आठवड्यात मी वर्ध्यातली सगळ्यात शहाणी बाई होते. आता हे लिहिताना माझंच मला हसू येत नाही, रागच येतो.

मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. परराष्ट्र धोरणाचा पेपर कित्येक वर्षं माझ्याच गळ्यात आहे, कारण बाकी कुणाला तो नको असतो. पोट्टे त्या तासाला बाकावर माना टाकतात. पण तिकडे लढाई पेटली आणि त्याच विषयासाठी लोक मला रस्त्यात थांबवू लागले. दूधवाला विचारे, मॅडम, पेट्रोल वाढते का? केमिस्ट विचारे, आपण कोणाच्या बाजूनं हावो? गॅस एजन्सीसमोर सिलिंडरची रांग लागली, तिथंही मी उभ्याउभ्या तास घेतला. तुमच्या शेगडीची नळी कुठवर जाते ठाऊक आहे का, थेट आखातात जाते, असं मी बायांना सांगितलं आणि बाया ‘अव माय’ म्हणाल्या. मला बरं वाटलं.

माझं म्हणणं ठरलेलं होतं. आपल्याला तेल एकाकडून घ्यायचं, शस्त्रं दुसऱ्याकडून, आणि आपली लाखो माणसं तिसऱ्याच्या देशात पोटासाठी राबतात. शेजारचे दोघं तर आपण कुठे पाय घसरून पडतो याची वाटच पाहत असतात. असा देश चौकात उभं राहून एकाच्या नावानं ओरडला तर मार त्याच्याच माणसांना बसतो. म्हणून चूप राहणं हेही धोरण असतं. हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, खाली रेघ मारते, आणि परीक्षेला येईल म्हणून सांगते.

आमचे हे पवनारला शेती पाहतात. सकाळी मोटरसायकलनं वावरात जातात, दुपारी वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या आमच्या घरी जेवायला येतात. बोलणं कमी. जेवताना माझं भाषण ऐकत राहतात आणि मध्येच म्हणतात, “सरकारले चूप राह्याचं शिकवतं तू, अन् सोता एक घास चूप बसून खात नाई.” मी हसायचे. भांडायचेही.

आणि आमची एकुलती एक पोरगी तेलवाहू जहाजावर थर्ड ऑफिसर. धाम नदी सोडली तर तिनं मोठं पाणी पाहिलं नव्हतं. मी तिला स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणून दिली, तिनं ती नीट कव्हर घालून ठेवली आणि समुद्रावर गेली. पहिल्या वर्षी मी तिच्याशी नीट बोलले नाही. दुसऱ्या वर्षी तिचा फोटो माझ्या फोनवर लावला आणि सगळ्या स्टाफरूमला दाखवत फिरले.

लढाई लागली तेव्हा तिचं जहाज माल भरून आखाताच्या आतल्या अंगाला नांगर टाकून उभं होतं. बाहेर यायला वाट एकच, होर्मुझची सामुद्रधुनी. वर्गात मी ती दोन बोटं फळ्याला टेकवून दाखवायचे, बघा, एवढीशी जागा आणि एवढ्या जगाचं तेल. आता त्या दोन बोटांच्या आतल्या बाजूला माझी पोरगी होती. जहाजं दाखवणारं एक अ‍ॅप मी फोनवर घेतलं होतं. त्यात तिचं जहाज हिरवा ठिपका होऊन दिसे. भाजी फोडणीला टाकली की ठिपका पाही, घंटा वाजली की ठिपका पाही.

कंपनीनं सगळ्या घरच्यांना मेसेज पाठवला होता. जहाजाचं नाव, जागा, वेळ, फोटो, कुठेही टाकू नका, कुणाला सांगू नका. मी तो वाचला आणि वर दोन ओळी लिहून माझ्या एम.ए.च्या वर्गाला पाठवला, की बघा, माहिती हेही आजचं शस्त्र आहे.

मग एका सकाळी तिचा फोन आला.

“आई, दोन मिनिटं आहेत. आम्ही सगळे बरे आहो. आवाज येतात, पण दूर आहेत.”

“कायचे आवाज?”

“आवाज, आई. दिवाळीत येतात तसे.”

“कधी निघून राह्यले तुम्ही?”

“ते नाई सांगता येत.”

“मले बीपी आहे, माहीत आहे ना तुले? मी अशी किती दिस त्या ठिपक्याकडे पाहू? सांग मले.”

बीपीचं मी मुद्दाम काढलं. ते काढलं की ती विरघळते हे मला ठाऊक होतं. ती आवाज खाली आणून म्हणाली, “परवा. चार-पाच जहाजं मिळून. किनारा धरून जाऊ, सिग्नल बंद करून. म्हणून अ‍ॅपवर दिसलो नाई तं घाबरू नको. अन् कुणालेच सांगू नको. बाबाले बी नाई.”

“मी का लहान लेकरू आहे?” मी म्हणाले. फोन कटला.

तो दिवस मी चूप राहिले. खरंच राहिले. ह्यांनी जेवताना विचारलं, पोरीचा फोन होता का, मी म्हणाले, हो, बरी आहे. ते एवढ्यावर हात धुवून उठले.

दुसऱ्या दिवशी माझा एक जुना विद्यार्थी कॉलेजात आला. आता तिशी ओलांडलेला बाप्या आहे, स्वतःचं यूट्यूब चॅनेल चालवतो. कापसाचा भाव, फुटलेली पाइपलाइन, रास्ता रोको, पुढाऱ्यांचे वाढदिवस, सगळं दाखवतो. म्हणाला, मॅडम, युद्धावर पाच मिनिटं बोला, लोकांले समजत नाई काही. मी पदर नीट केला, मागे नकाशा लावून घेतला आणि बसले.

चार मिनिटं छान गेली. पाचव्या मिनिटाला त्यानं विचारलं, “मॅडम, आपला देश इतका मोठा, मंग चूप काऊन बसला? भेला का?”

माझं डोकं फिरलं. वीस वर्षं मी जे शिकवते ते ह्याच पोट्ट्याला मी समोर बसवून शिकवलं होतं, आणि तो मलाच विचारत होता, भेला का! मी टेबलावर हात आपटला. म्हणाले, “भेला नाही, शहाणा आहे म्हणून चूप आहे! सगळ्यांशी बोलणं चालू ठेवलं म्हणूनच आपल्या जहाजांना वाट मिळते आहे. उद्या बघा तुम्ही, आपली जहाजं निघतात की नाही. किनारा धरून, सिग्नल बंद करून, शांतपणे निघतील. आणि मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही, माझी स्वतःची पोरगी त्यातल्या एका जहाजावर ऑफिसर आहे!”

त्याचे डोळे चमकले. स्टाफरूममधल्या दोघींनी टाळ्या वाजवल्या. “मॅडम, ताईचा एखादा फोटो द्या ना,” तो म्हणाला, आणि मी फोन काढून माझ्या आवडीचा फोटो पाठवला. नारंगी डांगरी घातलेली, डोक्यावर हेल्मेट, कठड्याला टेकून हसते आहे. बाजूला बुडत्या माणसाकडे फेकायचं ते गोल कडं अडकवलेलं.

तेवढ्या वेळात मला एकदाही तिचं बोलणं आठवलं नाही. खोटं कशाला लिहू? जिभेला हाड नाही म्हणतात ते माझ्यासारख्या बाईवरूनच म्हणत असतील.

तासाभरात व्हिडिओ आला. ‘वर्ध्याची वाघीण युद्धाच्या दारात! आईनं सांगितली आतली गोष्ट!’ फोन थांबेना. माहेरचे, सासरचे, भिशीच्या बाया, जुने विद्यार्थी. मी कॉलेजातून ऑटोनं घरी येईपर्यंत सगळ्यांना हात जोडलेले इमोजी पाठवत होते. मला आवडत होतं ते.

घराचं कुलूप काढत होते तर शेजारच्या वहिनी वाटीत चिवडा घेऊन आल्या.

“मॅडम, काय बोलल्या ओ तुम्ही! मी लगेच आमच्या जावयाले पाठवला व्हिडिओ. ते तिकडेच आहेत ना आखातात, कंपनीत. त्यायनं तिथल्या ग्रुपवर टाकला. लोक म्हणून राह्यले, हे जहाज तं आम्हाले आमच्या गच्चीवरून दिसते म्हणे!”

“हे म्हणजे कोणतं?” मी म्हणाले. “मी जहाजाचं नाव नाही घेतलं.”

“फोटोत आहे ना ओ. त्या गोल कड्यावर. इतकं मोठं लिहून आहे.”

मी तिथंच फोटो उघडला, बोटांनी मोठा केला. कड्यावर काळ्या ठसठशीत अक्षरांत जहाजाचं नाव होतं, खाली बंदराचं. दोन वर्षं मी तो फोटो रोज पाहत होते, आणि पोरीच्या तोंडापलीकडे मी कधी काही पाहिलंच नव्हतं.

मी पायरीवर बसले. वहिनी विचारत होत्या, पाणी देऊ का. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. नाव आहे, वाट आहे, वेळ आहे. सिंदी मेघेतून निघालेली बातमी तिचं जहाज हलायच्या आधी तिकडे पोचली होती, आणि ज्यांच्या गच्चीवरून जहाज दिसतं त्यांच्या हातात होती. त्यांच्यातला एक जरी दुसऱ्याच कुणासाठी पाहत असला तर?

मी त्या विद्यार्थ्याला फोन लावला. आत्ताच्या आत्ता काढ म्हणाले.

“मॅडम, लय चालून राह्यला ना व्हिडिओ. उद्या काढतो.”

“उद्या ती निघते रे माणसा!” मी ओरडले, आणि ओरडल्यावर कळलं की मी तेच पुन्हा सांगितलं. त्याला मात्र तेव्हा समजलं. पाच मिनिटांत त्यानं व्हिडिओ काढला, आणि मग हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, पण लोकायनं उतरवून घेतला. अन् वॉर्डातल्या भाऊनं फ्लेक्ससाठी फोटो नेला माझ्याकडून.”

आमच्या इकडे काही वेळेवर होत नाही, फ्लेक्स तेवढा होतो. मी चौकाकडे धावतच गेले. पायात घरातल्या चपला, ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. चौकात विजेच्या दोन खांबांमध्ये फ्लेक्स बांधून झाला होता. ‘सिंदी मेघेची लेक, देशाची शान.’ कोपऱ्यात हात जोडलेला वॉर्डातला पुढारी, पुढच्या निवडणुकीला उभा राहणारा. मधोमध माझी पोरगी, दोन माणसं उंच. आणि तिच्या बाजूला ते कडं. रस्त्याच्या पलीकडूनही नाव वाचता येत होतं.

खाली मोटरसायकल उभी होती. आमचे हे पवनारहून जेवायला येत होते, पोरीचा फोटो पाहून थांबले होते. मान वर करून हसत होते. ह्यांना असं तोंडभर हसताना मी फार कमी वेळा पाहिलं आहे. खिशातून फोन काढून फोटो काढायची खटपट चालली होती.

“अजी,” मी म्हणाले, “तो फोटो नका काढू.”

“काऊन? पाय ना, कशी दिसून राह्यली.”

मी तिथंच, रस्त्याच्या कडेला, सगळं सांगितलं. मी बाहेर मॅडमची भाषा बोलते आणि घाबरले की घरची, पण त्या दिवशी कोणतीच नीट येत नव्हती. ह्यांनी फोन खिशात ठेवला.

“तिनं तुले सांगतलं होतं, कुणाले सांगू नको म्हणून?”

“हो.”

“मले बी नाई सांगतलं तू.”

“नाई सांगतलं.”

“अन् त्या कॅमेऱ्याले सांगतलं.”

हे ओरडले असते तर बरं झालं असतं. ह्यांनी गाडीच्या पिशवीतून विळा काढला, दगडावर पाय देऊन खांबाला धरून वर चढले. साठीला टेकलेला माणूस. मी खालून म्हणत राहिले, पडाल ओ, पडाल. ह्यांनी फ्लेक्स फाडला नाही. पोरीच्या तोंडावर त्यांचा विळा चालला नसता. त्यांनी फक्त ते कडं चौकोनात कापून काढलं, घडी केली आणि शर्टाच्या आत घातलं.

पुढाऱ्याची दोन माणसं धावत आली. “काका, काय करून राह्यले हे? भाऊ इज्जत देऊन राह्यले तुम्हाले, अन् तुम्ही कापून राह्यले?”

“माही पोरगी आहे,” हे म्हणाले. एवढंच म्हणाले आणि गाडीला किक मारली. फ्लेक्स पुढे कित्येक दिवस तसाच राहिला, पोरीच्या बाजूला भोक पडलेला.

त्या दुपारी आम्ही दोघं घरोघर फिरलो. असं काम मी जन्मात केलं नव्हतं. दार वाजवायचं, आणि हात जोडून म्हणायचं, तो व्हिडिओ खोडा, कुणाकुणाला पाठवला तेही सांगा. लोक हसून स्वागत करायचे, बसा मॅडम, चहा घ्या. एकीनं विचारलं, काऊन ओ, इतकी चांगली बातमी? एका निवृत्त गृहस्थांनी मला समजावलं की तिकडच्या सैन्याला आपलं वर्ध्याचं चॅनेल पाहायला वेळ आहे का? तुम्ही उगाच घाबरता. मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि स्वतः व्हिडिओ खोडला. त्यांच्या बायकोला ते आवडलं नाही. हे प्रत्येक दारात माझ्यामागे एक पायरी खाली उभे राहिले, घरात कुठेही आले नाहीत.

चार वाजता घरी आलो आणि मी कंपनीच्या मुंबईच्या नंबरवर फोन लावला. ह्यांनी लाव म्हटलं नव्हतं. पण मला कळलं होतं की तिला माझ्या तोंडून नाही, तर कंपनीकडून कळायला हवं, आणि उशीर व्हायच्या आत. पलीकडचा माणूस फार सभ्य होता. फोटोत नाव दिसतं का? दिसतं. वेळ सांगितली का? उद्या म्हणाले. मार्ग? किनारा धरून म्हणाले.

“मॅडम, कदाचित याचं काहीच होणार नाही. पण कदाचितवर आम्ही जहाज सोडत नाही. कॅप्टनला कळवतो. यापुढे जहाज कधी निघेल ते कुणाच्याच घरच्यांना सांगितलं जाणार नाही.”

“कुणाच्याच म्हणजे?”

“बावीस जण आहेत जहाजावर,” तो म्हणाला.

पुढचे दिवस कसे गेले ते मला नीट आठवत नाही, भीती तेवढी आठवते. कॉलेजात एका पोट्टीनं विचारलं, मॅडम, आपण नौदल पाठवायला पाहिजे का? माझ्या हातात खडू होता. फळ्याकडे वळले तर सामुद्रधुनी काढायला हात उचलेना. वर्ग सोडून दिला. स्टाफरूममध्ये, ऑटोत, दुकानात, जो तो विचारे, ताई निघाली का? मी मान हलवी. हो की नाही ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी हे माझा फोन घेऊन स्वयंपाकघरात आले. आयुष्यात कधी अ‍ॅप न उघडलेला माणूस, आता माझ्यापेक्षा जास्त तेच पाहत बसायचा.

“हे जहाज जमिनीवर कसं गेलं व?”

ठिपका वाळवंटात होता. समुद्रापासून लांब, चांगला आत. त्याच्या बाजूला आणखी पाच-पन्नास जहाजं त्याच वाळूत गोळा झालेली.

“तिकडचं सैन्य उपग्रहाचे सिग्नल बिघडवते,” मी म्हणाले. “म्हणून सगळी जहाजं भलत्याच जागी दिसतात. खरी ती तिथं नाईत.”

“मंग खरी कुठं आहेत?”

“ते नाई समजत.”

“पण बरी आहे ना ती?”

हे सगळं मी वर्गात शिकवलं होतं, आकृती काढून. पण माझ्या पोरीचा ठिपका वाळूत रुतलेला पाहिला आणि ओट्याला धरून उभी राहिले. ह्यांनी गॅस बंद केला. भात करपला होता. कुणीच जेवलं नाही.

मी ज्याला त्याला सांगत आले होते की मोठी राष्ट्रं चुकून युद्धात ओढली जातात, कुणाच्या तरी एका बेसावध वाक्यानं. ते वाक्य कुणाचं असतं, त्याच्या घरात पुढे काय होतं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

नवव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला फोन वाजला. मी कॉलेजच्या जिन्यात होते.

“आई, बाहेर पडलो. मोकळ्या समुद्रात आहो.”

मी जिन्यातच बसले आणि मोठ्यानं रडले. पोट्टे वरखाली जाताना पाहत होते, पाहू दे म्हटलं.

“इतके दिस फोन काऊन नाई केला व बाई?”

“फोन जमा केले होते सगळ्यायचे.”

“काऊन?” मला उत्तर माहीत होतं, तरी विचारलं.

“कॅप्टनकडे व्हिडिओ आला, आई. त्याले मराठी नाई येत. त्यानं मले वर ब्रिजवर, जहाज चालवतात त्या खोलीत बोलावलं, सगळ्या ऑफिसरायसमोर लावला, अन् म्हणाला, तुझी आई काय म्हणून राह्यली ते सांग. मी भाषांतर करून सांगतलं.”

“पूर्ण?”

“पूर्ण. तू टेबलावर हात मारला तिथपर्यंत, अन् त्याच्या पुढचं.”

मग तिनं बाकीचं सांगितलं, जसं रोजचं काहीतरी सांगावं तसं. त्यांची जागा त्या ताफ्यात दुसऱ्या जहाजाला दिली. त्यांना सहा दिवस मागे ठेवलं. चौथ्या दिवशी जवळच्या एका जहाजावर काहीतरी येऊन पडलं, पोरीच्या जहाजाच्या काचा तडकल्या. बावीस माणसांनी ते सहा दिवस अंगात लाइफ जाकीट घालूनच काढले. आचारी तिच्याच वयाचा, त्याला दोन महिन्यांचं लेकरू. त्यानं सहा दिवस तिच्या ताटात जेवण वाढलं, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

“मी माफी मागू का त्यायची?” मी विचारलं. “कॅप्टनशी बोलू का?”

“नको,” ती पटकन म्हणाली. “आई, तू कुणाशीच बोलू नको.”

महिन्याभरानं ती सुट्टीवर घरी आली. भांडली नाही. मी म्हणत होते भांड बाई एकदाची, पण नाही. पातोडीची भाजी केली तर दोनदा मागून घेतली. बापासोबत पवनारला वावरात जाऊन आली. कुणी भेटायला आलं की हसून बोलायची आणि जहाजाचं निघालं की उठून आत जायची. एकदा माझा फोन मागितला, तो फोटो काढून टाकला, आणि फोन परत माझ्या हातात दिला.

जायच्या दिवशी मी तिची बॅग भरत होते. म्हणाले, “आता कोणत्या जहाजावर?”

“मोठं आहे. चांगलं आहे.”

“हो, पण नाव काय त्याचं?”

ती बूट घालत होती. लेस बांधून झाली, तरी मान वर केली नाही.

“पोचले की मेसेज टाकते,” म्हणाली. “औषध घेत जाजो.”

मी तिच्या बापाकडे पाहिलं. ते बॅग उचलून बाहेर निघून गेले. आधी वाटलं, ह्यांना तरी सांगितलं असेल. नंतर कळलं, त्यांनाही नाही. एकाला सांगून दुसऱ्यापासून लपवायला लावणं तिला पटलं नसेल.

त्याला आता तीन महिने होतात. तिचे मेसेज येतात. जेवले, झोपले, बरी आहे. कुठे आहे ते त्यात नसतं, आणि मीही विचारत नाही. अ‍ॅप अजून फोनवर आहे. त्यात हजारो ठिपके आहेत. त्यातला माझा कोणता, मला ठाऊक नाही.

काल दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. टीव्ही चालू होता. मध्ये थांबलेली लढाई तिकडे पुन्हा सुरू झाली आहे. एका जहाजातून काळा धूर निघताना दाखवत होते, खाली पट्टीवर जहाजाचं नाव फिरत होतं. खलाशी भारतीय असल्याचं सांगत होते, संख्या अजून कळलेली नव्हती. ह्यांच्या हातातला घास तसाच राहिला. त्यांनी दोनदा ते नाव वाचलं, ओठ हलवून.

“मॅडम,” ते म्हणाले, “आपली पोरगी ह्याच्यावर तं नाई ना?”

मी पट्टीकडे पाहत राहिले. नाव पुन्हा आलं, पुन्हा गेलं.

“मले माहीत नाई जी,” मी म्हणाले.